लोआर ते डॅन्यूब सायकलने : नद्या, कालवे आणि पाणी जिथे दिशा बदलतं त्या जागा

वाटसरू

नमस्कार मंडळी. गेल्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या नांतहून सायकलने निघालो आणि लोआर नदी, मग कालवे, मग दू नदी, ऱ्हाइन आणि डॅन्यूब असं करत व्हिएन्नाला पोचलो. बासलपर्यंत एकटा होतो, पुढे बायको सोबत होती. इथल्या काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून माहिती विचारली, तेव्हा म्हटलं धागाच काढावा. ज्यांनी त्या बाजूला सायकल चालवली आहे त्यांनीही भर घाला.

मार्ग नवा नाही. युरोवेलो नावाचं लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांचं जाळं आहे, त्यातला सहावा मार्ग अटलांटिकच्या किनाऱ्यावरून काळ्या समुद्रापर्यंत जातो आणि बहुतेक सगळा पाण्याच्या काठाने जातो. निळ्या चौकोनात पिवळ्या ताऱ्यांचं कडं आणि मधे ६, हा फलक बघत जायचं. एकट्या फ्रान्समध्येच तो साधारण १,३०० किमी आहे. जायचं तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. तिकडचे वारे बहुतांशी पश्चिमेचे, ते पाठीवर घ्यावेत. लोआरचं खोरं उघडं आहे, तिथे दिवसभर वारा तोंडावर घेतला तर पन्नास किलोमीटरही जड जातात.

लोआरबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण शाम्बोर वगैरे राजवाड्यांची वर्णनं आंतरजालावर पोत्याने मिळतील. मला नदीच जास्त आवडली. रुंद, उथळ पात्र, मधे वाळूची बेटं, त्यांवर कुररी पक्ष्यांचे थवे, आणि काठाला काळ्या रंगाच्या सपाट बुडाच्या लाकडी होड्या. राजवाडे बघत बसलात तर ओर्लेआंच्या पुढे जाणं होत नाही. बहुतेक लोक तिथूनच परततात. माझ्या मते मात्र खरी मजा तिथून पुढे आहे.

ती कशी, ते सांगतो. लोआरचं पाणी अटलांटिकला जातं. सोन आणि दूचं पाणी ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला. ऱ्हाइनचं उत्तर समुद्राला, डॅन्यूबचं काळ्या समुद्राला. म्हणजे या एका वाटेवर तुम्ही चार समुद्रांची खोरी पार करता आणि तीनदा पाणलोटाचा दुभाजक, म्हणजे जिथून दोन बाजूंचं पाणी वेगवेगळ्या समुद्रांकडे जातं तो उंचवटा, ओलांडता. पहिले दोन दुभाजक कालव्याने ओलांडायचे. माणसाने पाणी डोंगरावर चढवून पलीकडे उतरवलं आहे आणि त्याच्या कडेकडेने तुमची सायकल जाते. तिसऱ्या ठिकाणी तर निसर्गानेच घोळ घालून ठेवलाय. या जागा डोक्यात ठेवून निघालात तर एकही दिवस रिकामा जात नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

पहिला दुभाजक दिग्वँ ते शालों. लोआर आणि सोन यांना जोडणारा 'कॅनाल द्यु सांत्र', म्हणजे मध्य कालवा. लांबी सुमारे ११२ किमी, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. लॉक म्हणजे होड्यांना वरच्या किंवा खालच्या पातळीला नेणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची खोली. या लॉकची नावं बघा, एका उतारावरच्या सगळ्यांना 'महासागर' आणि क्रमांक, दुसऱ्या उतारावरच्यांना 'भूमध्य' आणि क्रमांक. मधला माथा मोंशानँजवळ. चढ इतका बेताचा की पायांना कळत नाही, कळतो तो लॉकच्या आकड्यांवरून. दिग्वँहून येताना महासागराचे आकडे एकेक करत कमी होत जातात, मग काही किलोमीटर एकही लॉक नाही, पाणी स्थिर, आणि त्यानंतरच्या लॉकघराच्या भिंतीवर पाटी येते : भूमध्य १. तिथे मी सायकल भिंतीला टेकवून बराच वेळ थांबलो.

त्याच सुमारास एक भाड्याची होडी आली, वयस्कर जोडपं होतं. होडी लॉकच्या खोलीत शिरली, मागचे दरवाजे मिटले. दोर खांबाला दोन वेढे मारून बाईंनी हातात धरला, बांधला नाही. पुढच्या दरवाजातल्या झडपा उघडल्या आणि खोलीतलं पाणी खाली जायला लागलं. भिंतीवरचं ओलं शेवाळ हळूहळू उघडं पडत गेलं, बाई दोर सोडत राहिल्या, आणि बोलता बोलता त्यांची डोकी माझ्या पावलांच्या खाली गेली. दोर घट्ट बांधला असता तर होडी भिंतीला लटकली असती. दोन्ही बाजूंचं पाणी समपातळीला आलं तेव्हाच पुढचे दरवाजे हलले, त्याआधी पाण्याच्या दाबाने ते उघडणं शक्यच नसतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दुभाजकाबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. प्रश्न विचारत राहा.


पाटकरी

वाटसरू, फार छान सुरुवात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. या विषयावर आयुष्य गेलं, म्हणून राहवत नाही.

माथ्यावरच्या कालव्यात खरा प्रश्न लॉकचा नसतो, पाण्याचा असतो. होडी माथा ओलांडते तेव्हा चढताना एक खोलीभर पाणी मागच्या उतारावर सोडते आणि उतरताना एक खोलीभर पुढच्या उतारावर. फ्रान्समधल्या बऱ्याच लॉकची मापं १८७९ च्या कायद्याने ठरली, खोली साधारण ३८.५ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद. अडीच मीटरची उतरण धरा, म्हणजे एका वेळेला पाचशे घनमीटर, पाच लाख लिटर पाणी. हे दोन्ही बाजूंना. नदी तर खाली दरीत, माथ्यावर हे पाणी कुठून आणायचं? म्हणून अशा कालव्यांच्या माथ्याजवळ त्याहूनही उंचावर तलाव बांधलेले असतात आणि बारीक पाटांनी त्यांचं पाणी माथ्यावर आणलेलं असतं. पावसाळा कमी झाला की तिकडे होड्यांच्या वाहतुकीवर बंधनं येतात ती याचमुळे.

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कुणी सोडवला ते बघायचं असेल तर दक्षिण फ्रान्समधला कॅनाल द्यु मिदी बघा. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंत २४० किमी. १६६६ ते १६८१ या काळात बांधला. कर्ता पिएर-पोल रिके, मिठावरचा कर गोळा करणारा माणूस, अभियंता नव्हे. त्याने काळ्या डोंगरातले ओढे अडवून, सां-फेरेओलला मातीचं मोठं धरण बांधून ते पाणी १८९ मीटर उंचीच्या नोरूझच्या खिंडीत आणलं. स्वतःची मालमत्ता यात घातली आणि कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये वारला. मला या माणसाविषयी अतोनात आदर आहे.

आपल्याला दुभाजक म्हणजे काय ते महाबळेश्वरला कळतं. कृष्णा तिथून बंगालच्या उपसागराला जाते आणि सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला. त्या दोन्हींना कालव्याने जोडायचं म्हटलं तर किती लॉक लागतील याचा विचार करा. तिकडे दुभाजक तीनशे-साडेतीनशे मीटरवर मिळाले म्हणून हे जमलं.


रानवारा

पाटकरी काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. +१.

वाटसरू, एक मनापासूनची शंका. मी घाट चढणारा माणूस. वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी हे आमचे नेहमीचे. सलग इतके दिवस सपाट रस्ता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं. याचा कंटाळा येत नाही? मी कॅनाल द्यु मिदीचे फोटो बघितलेत, शंभर किलोमीटरनंतरही फोटो तोच.


वाटसरू

रानवारा, रास्त शंका आहे. लोआरच्या बाजूच्या समांतर कालव्यावर काही पट्टे खरंच एकसारखे आहेत. सकाळी दूरवर दिसणारा पूल दुपारपर्यंत दूरच राहतो. पण घाटात आपलं सगळं लक्ष श्वासाकडे असतं. सपाटीवर ते मोकळं असतं, मग बगळे दिसतात, लॉकघरांच्या दारातले वाफे दिसतात, पाण्याचा रंग बदललेला कळतो. शिवाय सामानाने लादलेली सायकल रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर, अनेक आठवडे चालवणं हा वेगळाच दमाचा प्रकार आहे.

आणि तो सगळा भाग एकसारखाही नाही. नव्हेरजवळ गेतँला कालवा आलिए नदीवरून दगडी कमानींच्या पुलावरून जातो, खाली नदी, वर कालवा, आणि पुलाच्या टोकाला लागूनच जोडलॉक. ब्रिआरला तर ६६२ मीटर लांबीचा पोलादी जलसेतू आहे, १८९६ मध्ये खुला झाला. लोआरच्या वरून होड्या जातात. मी सायकल हातात धरून चालत गेलो. एका हाताला दिव्याच्या खांबांची रांग आणि कालव्याचं संथ पाणी, कठड्यावरून वाकून बघितलं की खाली नदीची धार वाळूतून वाट काढत चाललेली. २००३ पर्यंत होड्या जाणारा जगातला सगळ्यात लांब जलसेतू हाच होता, मग जर्मनीत माग्डेबुर्गला एल्ब नदीवर त्याहून लांब, ९१८ मीटरचा झाला.


पाटकरी

ब्रिआरचा सेतू फार देखणा आहे. पण आपल्याकडे रुरकीला गंगा कालवा सोलानी नदीवरून नेणारा दगडविटांचा जलसेतू १८५४ चा आहे, ब्रिआरच्या चाळीस वर्षं आधीचा. उत्तरेत जाल तेव्हा तोही बघा.


अश्विनी_ठाणे

धागा सुरेख चाललाय. माझे प्रश्न अगदी जमिनीवरचे आहेत. व्हिसासाठी रोजचं बुकिंग मागतात, सायकलवर आज कुठे पोचू हे कसं सांगणार? सायकल इथून न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी? आणि शाकाहारी जेवण? मी आणि माझी मैत्रीण, दोघीच जाणार आहोत.


वाटसरू

अश्विनीताई, एकेक घेतो.

व्हिसा शेंगेन, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज. शुल्क मोठ्यांना ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. मी रोजच्या मुक्कामाचा तक्ता दिला, रद्द करता येणारी बुकिंग्ज जोडली आणि सोबतच्या पत्रात सायकलने जाणार हे स्वच्छ लिहिलं. मार्गाचा नकाशाही लावला. मला कुणी उलट विचारलं नाही, पण अर्ज वेळेत करा, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं.

सायकल मी इथून नेली. खोक्यात भरताना पेडल काढा, हँडल आडवं करा, पुढचं चाक काढा, टायरची थोडी हवा सोडा आणि मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) काढून कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. नेमकी कितीही काळजी घेतली तरी माझ्या खोक्यावर विमान कंपनीच्या सामान चढवणाऱ्यांनी काहीतरी जड टाकलं असावं, हँगर, म्हणजे डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकून आला. जादा हँगर जवळ होता म्हणून नांतच्या खोलीवरच तासाभरात काम झालं. तो दहा ग्रॅमचा तुकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि परदेशात आपल्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. तेव्हा निघण्याआधी घ्या.

टायर ३५ ते ४० मिमी रुंदीचे हवेत, गुळगुळीत रेसिंगचे नकोत. पंक्चर काढायचं सामान, दोन ट्यूब, चाकाच्या तीन-चार तारा आणि मागच्या कॅरियरचे जादा बोल्ट. बोल्ट विसरू नका, लादलेल्या कॅरियरचे बोल्ट थरथरीने ढिले होतात.

खाण्याचं सांगायचं तर फ्रान्समध्ये दुपारी पाव, चीज, टोमॅटो, पीच. सुपरमार्केटात ताबुलेचे डबे मिळतात, मसुराचे तयार डबे मिळतात. रात्री तंबूपाशी खिचडी. कुकर नाही, साधं पातेलं, तांदूळ आणि मसुराची डाळ अर्धा तास भिजवली की गॅस कमी लागतो. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिकडेच घ्यावा लागतो. फ्रान्समधल्या गावांत वेगळ्या जोडणीचे डबेच जास्त दिसतात, आपल्या शेगडीला आट्यांचा, म्हणजे फिरवून बसवायचा डबा लागत असेल तर मोठ्या शहरातच घेऊन ठेवा.

पिण्याच्या पाण्यासाठी दफनभूमी बघा. फ्रान्समधल्या बहुतेक गावांत दफनभूमीत नळ असतो, फुलांना पाणी घालायला. उन्हाळ्यात सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. फक्त नळावर 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही.


सावली

अश्विनी, मी पासाउ ते व्हिएन्ना एकटीने केलंय, त्यामुळे तुमच्या शेवटच्या वाक्यातला न विचारलेला प्रश्न मला कळतो. मला एकदाही भीती वाटली नाही. डॅन्यूबच्या त्या टप्प्यावर उन्हाळ्यात इतके सायकलवाले असतात की तासभर एकटं असणं अवघड. सत्तरीच्या आज्या, लहान पोरांना मागच्या गाडीत बसवून निघालेली कुटुंबं. कॅम्पिंगच्या जागांवर स्वच्छ न्हाणीघरं, कपडे धुवायचं यंत्र, आणि सायकलवरून एकट्यादुकट्या आलेल्यांना जागा भरली असली तरी सहसा कोपरा देतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्या दोघींना मी तरी फ्रान्सच्या आधी हाच टप्पा सुचवेन. साधारण ३२० किमी, रस्ता पक्का, दोन्ही काठांनी वाट, पासाउला सायकली भाड्याने मिळतात आणि व्हिएन्नाला परत करता येतात. म्हणजे खोकं, हँगर यातलं काहीच नाही. भाड्याची सायकल घेताना मागचा ब्रेक पेडल उलटं फिरवून लागतो का ते आधी विचारा. तिकडे तशा सायकली बऱ्याच असतात आणि आपल्या पायांना सवय नसते, सिग्नलला थांबून पेडल मागे घ्यायला गेलं की गोंधळ उडतो.

पासाउला नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत, वर्षासकट. २०१३ ची खूण डोक्याच्या कितीतरी वर आहे, १५०१ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर. तिथेच डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या मिळतात आणि बराच वेळ तिघींचे रंग वेगळे दिसतात. इन आल्प्सच्या गाळाने हिरवट, इल्झ दलदलीतून येते म्हणून काळपट.

पुढे माउटहाउझेनला नाझींच्या छळछावणीचं स्मारक आहे. टेकडीवर चढून जावं लागतं आणि बरेच जण खालून तसेच निघून जातात. तुम्ही जा. खाणीतल्या त्या दगडी पायऱ्या बघा, जिथे कैद्यांकडून पाठीवर ग्रॅनाइटचे धोंडे वाहून घेत. त्या दिवशी पुढे फारसं अंतर ठेवू नका.


स्टुटगार्टकर

सावलीताईंना पूर्ण दुजोरा. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउचा पट्टा जुलैत गाठा, जर्दाळूचा हंगाम असतो. शेतकरी रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसतात. शाकाहारी मंडळींसाठी जर्दाळू भरून उकडलेले गोड गोळे मिळतात, 'मारिलेनक्न्योडेल'. आपल्या उकडीच्या पदार्थांवर प्रेम असणाऱ्यांना नक्की आवडतील.

जर्मनीतल्या काही व्यवहारी गोष्टी. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच सामान भरून ठेवा. प्रादेशिक रेल्वेत सायकल नेता येते, पण सायकलचं तिकीट वेगळं. देशभरच्या प्रादेशिक गाड्यांना चालणाऱ्या महिन्याच्या डॉइचलांड-तिकिटात सायकल येत नाही, हे लक्षात ठेवा. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या जागा लवकर भरतात. प्लॅटफॉर्मवर गाडी येण्याआधी बॅगा उतरवून हातात घ्या, लादलेली सायकल उचलून चढवणं एकट्याचं काम नाही.

वाटसरूंनी दुभाजकांचा विषय काढला म्हणून अजून एक. केल्हाइमहून निघून बांबेर्गला जाणारा माइन-डॅन्यूब कालवा १९९२ मध्ये पुरा झाला, १७१ किमी, माथा ४०६ मीटरवर. त्याच्यामुळे उत्तर समुद्रातून काळ्या समुद्रापर्यंत मालवाहू जहाज जाऊ शकतं. आणि हाच बेत शार्लमेन बादशहाने ७९३ मध्ये केला होता! त्या खोदकामाचा खंदक अजून ग्राबेन नावाच्या खेड्यात दिसतो, पाणी भरलेला, दोन्ही बाजूंना मातीचे उंच ढीग. शब्दशः बाराशे वर्षं एका कल्पनेने माणसांचा पिच्छा पुरवला.


रानवारा

आता मात्र मी गुंतलो. वाटसरू, तो निसर्गाने घातलेला घोळ काय तो लिहा आधी.


वाटसरू

लिहितो. दुसरा दुभाजक आधी उरकतो. शालोंहून पुढे सोन सोडून दू नदीला लागायचं. ही नदी इतकी वळणं घेते की ४५० किमी वाहूनही तिचं मुख उगमापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही लांब नाही. दोल हे लुई पाश्चरचं जन्मगाव, बझांसोंला फ्रान्सचा नामांकित दुर्गबांधणीकार वोबां याचा किल्ला आणि त्या किल्ल्याच्या डोंगराच्या पोटातून गेलेला कालव्याचा बोगदा, त्यातून सायकलही जाते. आत गारवा इतका की घामेजल्या अंगाला हुडहुडी भरते. पुढे वाल्दिएजवळ ऱ्होन-ऱ्हाइन कालव्याचा माथा. अल्सेसच्या बाजूला लॉकची अक्षरशः शिडी आहे, एकाखाली एक, आणि त्या उतारावर आठवड्यात पहिल्यांदा पेडल न मारता सायकल धावते.

आता तिसरा. बासलहून ऱ्हाइनच्या काठाने शाफहाउझेनचा धबधबा बघत वर गेलो. नकाशात जवळच आख नावाचं छोटं गाव आहे. तिथे आखटोप्फ, जर्मनीतला सर्वांत मोठा झरा. डोंगराच्या पायथ्याला हिरवंनिळं तळं, आणि त्यातून निघणारी नदी पहिल्या पावलापासूनच भरलेली. ओढ्याची नदी होणं वगैरे टप्पे नाहीतच. हे पाणी कॉन्स्टन्सच्या सरोवरात जातं, म्हणजे ऱ्हाइनला, म्हणजे उत्तर समुद्राला.

तिथून डोंगर ओलांडून टुटलिंगनला आलो आणि डॅन्यूबच्या काठाने उलट, उगमाच्या दिशेने इमेंडिंगनकडे गेलो. ऑगस्ट महिना. काठावरची झाडं हिरवीगार, बाक मांडलेले, आणि नदीच्या पात्रात नदी नाही. पांढुरके गोटे, त्यांवर वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा, पायाखाली कुरकुरणारा. आम्ही सायकली काठाला लावल्या आणि डॅन्यूबच्या पात्रातून चालत वर गेलो. थोडं वर गेल्यावर पाणी भेटलं. उथळ धार येत होती आणि काठाच्या खडकापाशी येऊन वळून भेगांत शिरत होती. एका भेगेपाशी बायकोने कान लावला, न्हाणीच्या मोरीत पाणी शिरताना होतो तसा आवाज. वर्षातले बरेच दिवस डॅन्यूब इथे अशी पूर्ण गडप होते आणि पुढे दुसरे ओढे मिळाल्यावर पुन्हा वाहायला लागते.

गडप झालेलं पाणी जातं कुठे? ऑक्टोबर १८७७ मध्ये आडोल्फ क्नोप या भूवैज्ञानिकाने इमेंडिंगनजवळ पाण्यात मीठ, रंग आणि शेल-तेल (शेल खडकातून काढलेलं तेल) ओतलं. साधारण साठ तासांनी बारा किलोमीटर लांबच्या आखटोप्फमधून हिरवं, खारट, तेलाच्या वासाचं पाणी बाहेर पडलं. म्हणजे डॅन्यूब जमिनीखालून डोंगर ओलांडते आणि ऱ्हाइनला मिळते! नकाशावरचा दुभाजक पाण्याने मानलेलाच नाही. आम्ही जो डोंगर वरून घामाघूम होत ओलांडला तोच तिने खालून ओलांडला होता.


पाटकरी

वा! हे लिहिल्याबद्दल शतशः आभार. चुनखडक असा पोकळ असतो, पाणी त्याला विरघळवत वाटा करतं आणि वाटा दरसाल मोठ्या होतात. यावरून तिथे राज्याराज्यांत खटलाही झाला आहे. व्युर्टेम्बर्गचं म्हणणं नदी आमची, पाणी आम्हाला हवं. बाडेनचे कारखाने आखच्या पाण्यावर चालत. १९२७ मध्ये हा वाद जर्मनीच्या राज्यविषयक न्यायालयापुढे गेला होता. पाणीतंटा लवादांच्या कागदांत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांना हे वाचताना काय वाटतं ते मी सांगू शकत नाही.


आइंडहोवनकर

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. आमचा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा आम्ही नेदरलँड्समध्येच सुरुवात केली. इथे प्रत्येक सायकल-नाक्याला क्रमांक असतो. सकाळी आकडे चिठ्ठीवर लिहायचे, हँडलला चिकटवायचे आणि एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जायचं. ही पद्धत १९९५ मध्ये शेजारच्या बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात सुरू झाली. पुढचा आकडा शोधायचं काम मुलाकडे दिलं की तो दिवसभर कुरकुरत नाही. वाल आणि मास नद्यांवर सायकली नेणाऱ्या छोट्या फेरी आहेत, त्या मुलांना फार आवडतात. वारा मात्र इथे कधीही दिशा बदलतो आणि आडोसा कुठेच नाही, मुलं असतील तर दिवसाला तीसच्या पुढे जाऊ नका.


कोकणवाट

आम्ही कॅनाल द्यु मिदी केलाय म्हणून रानवारांच्या फोटोबद्दल सांगते. फोटोतली ती सावली आता सगळीकडे उरलेली नाही. काठाच्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांना बुरशीचा रोग लागला आहे, २००६ पासून हजारो झाडं तोडावी लागली. नवी झाडं लावली आहेत, पण ती अजून हातभर जाडीचीही नाहीत. जुलै-ऑगस्टच्या उन्हात उघडे पट्टे भाजून काढतात, मे किंवा सप्टेंबर बरा. शिवाय तुलूझपासून पन्नासेक किलोमीटर डांबरी वाट आहे, तिच्यापुढे बऱ्याच ठिकाणी मुळांनी उचकटलेली मातीची पायवाट. त्याच्या उलट तुलूझहून बोर्दोकडे जाणारा गारोनचा समांतर कालवा, तो सगळा पक्का. आजांला २३ कमानींचा जलसेतू, मोआसाकला मठाच्या अकराशे सालच्या ओवऱ्यांतले कोरीव खांब. बेझिएची लॉकची शिडी मात्र चुकवू नका, खोल्यांच्या भिंती लंबगोल आहेत. रिकेच्या लोकांनी सुरुवातीला सरळ भिंती बांधून बघितल्या, एक कोसळली, मग बाक दिला, असं तिथे सांगतात.


पाटकरी

बरोबर आहे. बाकदार भिंत बाहेरच्या मातीचा दाब कमानीसारखा पेलते.


अश्विनी_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार. आम्ही दोघींनी ठरवलंय, या जुलैत पासाउ ते व्हिएन्ना, भाड्याच्या सायकलींवर. मात्र सुरुवातीला रेल्वेने इमेंडिंगनला जाऊन ते कोरडं पात्र बघणार आणि मग पासाउ. दोन शेवटचे प्रश्न. जुलैत पात्र कोरडं असेल का? आणि पासाउहून कुठल्या काठाने निघावं?


स्टुटगार्टकर

पाऊस कमी झाला असेल तर जुलैतही कोरडं असतं. बर्फ वितळल्यावर वसंतात किंवा जोराच्या पावसानंतर मात्र नदी भरून वाहते आणि भेगा पाण्याखाली जातात, तेव्हा निघायच्या आधीच्या आठवड्यातल्या पावसाकडे लक्ष ठेवा.


सावली

पासाउहून डाव्या, म्हणजे उत्तरेच्या काठाने निघा. श्लोगनला नदी डोंगराला अडून पूर्ण मागे वळते. तिथे सायकली नेणाऱ्या छोट्या होड्या आहेत, त्यांनी उजव्या काठाला या आणि सायकली खाली लावून वरच्या सज्जावर चालत जा, अर्ध्या तासाची चढण आहे. होड्या संध्याकाळी लवकर बंद होतात, त्यामुळे श्लोगनला दुपारीच पोचा आणि मुक्काम तिथेच करा. मेल्क ते क्रेम्स डाव्या काठाने गेलात तर द्राक्षमळ्यांतली गावं लागतात, उजवा काठ शांत आहे. सायकली ठरवताना उंची सेंटिमीटरमध्ये कळवा, आणि बॅगा मागच्या कॅरियरला अडकवायच्या की वरून टाकायच्या ते विचारून घ्या, त्यांचे हूक वेगवेगळ्या जाडीच्या नळीला बसणारे असतात.


अश्विनी_ठाणे

डावा काठ, श्लोगनला मुक्काम. लिहून घेतलं. वाटसरू, तुमची दुभाजकांच्या जागांची यादी नकाशावर खुणा करून इथे टाकाल का?


वाटसरू

टाकतो. मोंशानँ, वाल्दिए, आख, इमेंडिंगन आणि ग्राबेन, पाचही. नोरूझ कोकणवाट टाकतील का?


कोकणवाट

हो, आज रात्री. जवळच्या रेल्वे स्टेशनसकट टाकते.